वाचकांची विचारणा : लेकीला कळवलेले संगीत

प्रश्न : फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या दरबारातील संगीताविषयी वाचताना मादाम द सेव्हिन्ये या सरदार घराण्यातील बाईंच्या पत्रांचे दाखले वारंवार येतात. त्या संगीतकार नव्हत्या, तर मग त्यांच्या शब्दाला एवढे वजन कशामुळे? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : संगीतरचनेची शास्त्रीय चिकित्सा या पत्रांत शोधू नये. १६७१ मध्ये त्यांची मुलगी मादाम द ग्रिन्यां नवऱ्याकडे प्रोव्हांस प्रांतात गेली, आणि पॅरिसमध्ये मागे राहिलेल्या आईने डाकेचे वार सांभाळून, मुलीला जे ऐकता-पाहता येणार नव्हते ते तिला कळवायला सुरुवात केली. सूर कागदावरून पाठवता येत नसल्यामुळे त्या ऐकणाऱ्यांची अवस्था लिहितात, आणि नेमकी तीच स्वरलेखनात सापडत नाही.

६ मे १६७२ चे पत्र पाहावे. दिवंगत चान्सलर सेगिए यांच्यासाठी झालेल्या प्रार्थनासभेत एक तरुण पाद्री बोलायला उभा राहिला तो थरथरतच, आणि त्याच्यासाठी सारी सभाही थरथरू लागली. त्याचे उच्चार प्रोव्हांसकडचे होते, हेही आई लेकीला आवर्जून सांगते. पुढे दरबारी संगीतकार जाँ-बाप्तिस्त ल्यूलीने राजाचा सारा वादक-गायकवर्ग उभा करून सादर केलेले संगीत येते. मादाम द सेव्हिन्ये यांच्या लेखी तो नुसता ‘बाप्तिस्त’. ‘लिबेरा’ ही मृताच्या सुटकेची प्रार्थना सुरू असताना सर्वांचे डोळे भरून आले, आणि स्वर्गात याहून वेगळे संगीत असेल असे आपल्याला वाटत नाही, असे त्या लिहितात. आपल्याकडच्या चर्चमध्ये उपवासकाळात व्हायोलिनच्या साथीने गायिलेली मोतेत, म्हणजे धार्मिक समूहगीते, आपण ऐकली असतील, तर हे वाक्य अतिशयोक्तीचे वाटणार नाही.

१६७४ च्या जानेवारीत ल्यूलीचा ‘आल्सेस्त’ हा ऑपेरा रंगभूमीवर येण्यापूर्वीच त्यातील काही जागांनी आपल्याला रडवले, असे त्यांनी कळवले आहे.

माझ्या मते सर्वांत मोलाचे पत्र फेब्रुवारी १६८९ चे आहे. सँ-सीर येथील शाळेच्या मुलींनी नाटककार रासीनचे ‘एस्तेर’ हे नाटक संगीतकार मोरोच्या संगीतासह सादर केले, तेव्हा मादाम द सेव्हिन्ये डचेसांच्या मागे दुसऱ्या बाकावर बसल्या होत्या. खेळानंतर राजाने विचारपूस केली, तेव्हा आपल्याला जे वाटते ते शब्दांपलीकडचे आहे, असे त्यांनी सांगितले. मुलीला मात्र त्यांनी बाकापासून राजाच्या प्रश्नापर्यंत सारे शब्दांत कळवले.

मुलीची उत्तरे आज हाती नाहीत. ती पुढे नात पोलीन हिने नष्ट केली, आणि ही हानी मला फार मोठी वाटते.