सर्व पेशींतील गुणसूत्रे सारखीच असतील, तर मुळातील पेशी वेगवेगळ्या कशा होतात?

आपला प्रश्न असा आहे की, विभाजनानंतर दोन्ही पेशींना गुणसूत्रांचा सारखाच संच मिळत असेल, तर पुढे एकीची जलवाहिनी (पाणी वर नेणारी नळी) आणि दुसरीचा मूलरोम (मुळावरचा केसासारखा धागा) कशामुळे होतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो, त्यामुळे कांद्याच्या मुळाच्या नेहमीच्या प्रात्यक्षिकापासूनच सुरुवात करतो.

मुळाची टोके सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मऊ करून असिटोकार्मिनने रंगवली की अगदी शेवटचा एक-दोन मिलिमीटरचा भाग गडद दिसतो, कारण तेथील पेशी लहान, पेशीद्रव्याने गच्च भरलेल्या आणि मोठ्या केंद्रकाच्या असतात. नेमका तोच तुकडा काचपट्टीवर दाबला तर सूत्री विभाजन, म्हणजे एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होणे, पाहायला मिळते. प्रत्येक गुणसूत्राची दुसरी प्रत आधीच तयार झालेली असते आणि दोन्ही टोकांकडे 16-16 गुणसूत्रे जातात. विद्यार्थ्यांकडून घाईत थोडा वरचा भाग कापला गेला, तर फिकट, लांबट पेशी दिसतात आणि विभाजन एकही सापडत नाही. प्रात्यक्षिक फसले असे त्यांना वाटते. मला मात्र ती पट्टी टाकून देऊ नये असे वाटते, कारण त्या पेशींनी विभाजन थांबवून वाढ सुरू केलेली असते. रिक्तिकेत, म्हणजे पेशीतील पाण्याच्या पिशवीत, पाणी शिरते, पेशीभित्तिका सैल होते आणि पेशी मूळच्या कितीतरी पट लांब होते. मूळ मातीत पुढे सरकते ते मुख्यतः या लांबण्यामुळे.

आता वेगळेपणाविषयी. गुणसूत्रांवरील जनुके सगळ्या पेशींत तीच असली, तरी त्यांतील कोणती चालू राहायची आणि कोणती बंद, हे मुळामध्ये बऱ्याच अंशी पेशीच्या जागेवरून ठरते. मोहरीच्या कुळातील अ‍ॅराबिडोप्सिस या लहानशा वनस्पतीत हे फार स्वच्छ दिसते: बाहेरच्या थरातील जी पेशी आतल्या थरातील दोन पेशींच्या सांध्यावर येते तिला मूलरोम फुटतो, आणि जी एकाच पेशीला टेकलेली असते तिला सहसा फुटत नाही. नेदरलँड्समधील उत्रेख्त विद्यापीठातील संशोधकांनी 1995 मध्ये याच वनस्पतीच्या मुळातील ठरावीक पेशी लेसरने मारल्या, तेव्हा शेजारच्या थरातील पेशी त्या रिकाम्या जागेत सरकल्या आणि आपली पूर्वीची वाट सोडून नव्या जागेला साजेशा घडल्या. पेशीला ही जागा कळते ती शेजाऱ्यांकडून येणाऱ्या रासायनिक संकेतांमुळे. टोकाशी सर्वाधिक साठणारे ऑक्सिन हे संजीवक त्यांतील एक महत्त्वाचा संकेत आहे.

बंद पडलेली जनुके नष्ट होत असतील का, अशी शंका येणे साहजिक आहे. कॉर्नेल विद्यापीठातील एफ. सी. स्टिवर्ड यांनी 1958 च्या सुमारास गाजराच्या पूर्ण वाढलेल्या रसवाहिनी (अन्न वाहून नेणाऱ्या) ऊतीतील पेशी पोषक द्रावणात वाढवून त्यांपासून संपूर्ण रोपे मिळवली, म्हणजे रोप घडवण्यासाठी लागणारी सगळी माहिती त्या पेशींत शाबूत होती. जलवाहिनीची गोष्ट निराळी आहे: तिच्या पेशी भित्तिकेवर लिग्निन या कठीण पदार्थाचा जाड थर चढवतात, मग आतील केंद्रकासह सर्व काही विरघळवून मरतात, आणि उरलेल्या पोकळ नळीतून पाणी वर चढते.