कललेली भिंत आणि साठ हजारांचा क्लास

सप्रेम नमस्कार,

मानेवाड्याहून पाठवलेले तुमचे चार पानी पत्र मी दोनदा वाचले. तुमची मुलगी नागपुरातल्याच एका महाविद्यालयात बी.आर्क.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वस्तीतल्या छोट्या वाचनालयाच्या प्रकल्पात तिने पश्चिमेची भिंत १५ अंशांनी बाहेर झुकलेली दाखवली, ती भिंत रेव्हिट या इमारतींचे त्रिमितीय मॉडेल करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उभी करण्यात आठ रात्री घातल्या, आणि तरीही सादरीकरणाच्या दिवशी काम अपूर्ण ठरून तिचे अंतर्गत गुण कापले गेले. त्यावरून तुम्ही माझ्यापुढे दोनच पर्याय ठेवले आहेत: सीताबर्डीतला तीन महिन्यांचा, साठ हजार रुपये शुल्काचा सॉफ्टवेअरचा क्लास लावायचा, किंवा आर्किटेक्चर सोडवून तिला संगणक अभियांत्रिकीकडे वळवायचे. 'एक साधी तिरपी भिंत जिला जमत नाही, ती इमारती काय बांधणार?' हे तुमचे वाक्य अधोरेखित केलेले आहे, म्हणजे ते रागाच्या भरात लिहिले गेले असे मला मानता येत नाही.

मला काळजी गुणांची वाटली नाही. तिसऱ्या पानावर तुम्ही त्या आठ रात्रींचा तक्ता दिला आहे. ती किती वाजता बसली, किती वाजता उठली आणि मध्ये किती वेळा मोबाइल हातात घेतला, हे सगळे त्यात आहे. एकोणीस वर्षांच्या मुलीच्या मागे खुर्ची टाकून बसल्याशिवाय असा तक्ता तयार होत नाही. पुण्यातल्या पुतण्याचा उल्लेख पत्रात सहा वेळा आला आहे, त्याच्या पॅकेजसह. मुलीने कागदाच्या पुठ्ठ्यांचे मॉडेल केले होते आणि ते पाहून तिच्या शिक्षकांनी कल्पना चांगली असल्याचे सांगितले होते, ही गोष्ट मात्र एका ओळीत उरकली आहे, आणि त्याच ओळीत पुढे असे आहे की ते मॉडेल घरात जागा अडवत होते म्हणून तुम्ही गच्चीवर ठेवले व ते पावसात भिजले. या ओळीवर मी बराच वेळ थांबलो. जी भिंत तिला येत नाही म्हणून तुम्ही चार पाने लिहिली, ती भिंत तिने स्वतःच्या हातांनी कापून, चिकटवून, बरोबर कलवून तुमच्या घरात उभी केली होती. तुम्ही ती पाहिली नाही, कारण ती पडद्यावर नव्हती.

मुलीच्या तोंडचे वाक्यही पत्रात एकदाच येते. 'घरी भिंत झाली होती, कॉलेजात फाइलच उघडली नाही.' त्यापुढे तुम्ही 'बहाणा' हा एकच शब्द लिहिला आहे. तो बहाणा नाही. रेव्हिटमध्ये भिंतीला थेट कल देण्याची सोय २०२१ च्या आवृत्तीत आली, आणि खाली जाड, वर निमुळती होत जाणारी भिंत त्यानंतरच्या २०२२ च्या आवृत्तीत. त्याआधीच्या आवृत्त्यांत हे काम आडवाटेने करावे लागे: एकतर भिंत जागेवरच सुटा आकार म्हणून घडवायची, किंवा आधी घनाकार रचून त्याच्या तिरक्या पृष्ठभागावर भिंत चढवायची. दुसरी गोष्ट अशी की या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, आणि नव्यातून जुन्यासाठी जतन करण्याची सोयही त्यात नाही. तुमच्याच पत्रात आहे की घरचा लॅपटॉप गेल्या दिवाळीत घेतला आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतले संगणक 'बाबा आदमच्या काळचे' आहेत. या दोन वाक्यांची सांगड तुम्ही घातली असती, तर हे पत्र लिहिण्याची वेळ कदाचित आली नसती. तिची चूक एवढीच की सादरीकरणाआधी प्रयोगशाळेतली आवृत्ती तिने विचारून घेतली नाही आणि रेखाटनांच्या पीडीएफ प्रती सोबत ठेवल्या नाहीत. असे अनुभवी कार्यालयांतही घडते.

आता तुमच्या मूळ समजाकडे वळतो, कारण तो फक्त तुमचा नाही. भिंत तिरपी करणे म्हणजे कोणते बटण दाबायचे ते माहीत असणे, आणि ते बटण क्लासमध्ये शिकवतात, असे तुम्ही धरून चालला आहात. बटण खरोखर सोपे आहे, ते एका दुपारी शिकता येते. भिंत कलली की तिच्याशी जोडलेली प्रत्येक गोष्ट पुन्हा ठरवावी लागते, अवघड आहे ते हे. दहा फूट उंचीची भिंत १५ अंश बाहेर झुकली की तिचा माथा पायथ्यापासून सुमारे दोन फूट आठ इंच पुढे जातो. मग खोलीचे क्षेत्रफळ जमिनीवर मोजायचे की छताखाली? आराखडा साधारण चार फूट उंचीवर इमारत आडवी कापून काढतात, आणि त्या उंचीवर भिंत आधीच तेरा इंच सरकलेली असते, म्हणून नकाशातली भिंत आणि पायाची रेषा जुळत नाहीत व शिकणाऱ्याला आपलेच काही चुकले असे वाटते. नऊ इंचांची भिंत आडव्या छेदात नऊ इंचांची दिसत नाही, ती सुमारे एक तृतीयांश इंचाने जाड दिसते. अशा दोन भिंती काटकोनात भेटल्या तर कोपऱ्याची कड १५ अंशांनी कलत नाही, जवळपास २१ अंशांनी कलते. खिडकी भिंतीबरोबर कलवायची की सरळ उभी ठेवायची, हे सॉफ्टवेअर विचारते, उत्तर देत नाही. कोन कुठून मोजायचा यावरही एकवाक्यता नाही: रेव्हिट तो उभ्या रेषेपासून मोजते, तर आर्किकॅड या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सरळ भिंत ९० अंशांची असते, म्हणून तिथे तीच भिंत ७५ किंवा १०५ अंशांची होते. हे सारे बारावीच्या त्रिकोणमितीत बसते. मात्र ते उमगायला पुठ्ठा कापावा लागतो, आणि तो तिने कापला होता.

मी स्वतः स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेऊन काही वर्षे बांधकामावर काढली आहेत, म्हणून एक आठवण सांगतो. ढाळ असलेली दगडी संरक्षक भिंत बांधताना आमचे गवंडी लाकडाचा एक तिरका फर्मा करून घेत. त्याची एक कड हव्या त्या ढाळाची असे आणि दुसऱ्या उभ्या कडेला ओळंबा लटकत असे. फर्मा भिंतीला लावायचा, ओळंबा त्या उभ्या कडेशी जुळला की ढाळ बरोबर. सॉफ्टवेअरच्या रकान्यात १५ हा आकडा भरला जातो तेव्हा याहून वेगळे काही होत नाही. ज्यांना फर्म्याचे गणित कळले होते, त्यांना पुढे संगणकावर हेच करताना फारसा त्रास झाला नाही. उलट दिशेने आलेली मुले मात्र अडखळताना मी पाहतो.

तुमच्या मुलीच्या कल्पनेवर माझा एक आक्षेप आहे. पश्चिमेची भिंत बाहेर झुकवली की ती स्वतःवरच सावली धरेल, असा तिचा युक्तिवाद तुम्ही पत्रात दिला आहे. नागपूरच्या उन्हाळ्याचा विचार करून कुणी विद्यार्थिनी भिंत कलवते, याचे मला कौतुक वाटले. तरी हिशोब तपासायला हवा. १५ अंश झुकलेल्या भिंतीवर पूर्ण सावली तेव्हाच राहते, जेव्हा समोरचा सूर्य क्षितिजापासून ७५ अंशांहून उंच असतो. मे महिन्यात आपल्याकडे ही अवस्था दुपारी एक-सव्वाएकच्या सुमारास संपते. चार वाजता सूर्य ३६-३७ अंशांपर्यंत खाली आलेला असतो आणि जवळपास थेट भिंतीसमोर असतो, म्हणजे वाचनालयात मुले यायच्या वेळी ऊन भिंतीखाली शिरणारच. असे असूनही तिची कल्पना फुकट जात नाही, कारण किरण अधिक तिरके पडल्याने भिंतीच्या प्रत्येक चौरस फुटावर येणारे थेट ऊन सरळ भिंतीच्या तुलनेत पाव भागाच्या आसपास कमी होते. सावलीचा दावा सोडून हा दावा तिने केला, तर कोणत्याही परीक्षकासमोर ती उभी राहू शकेल. दक्षिणेच्या बाजूला कल देऊन काय होते, तेही तिने काढून पाहावे.

परंपरेत भिंती झुकल्या त्या बहुधा आत, आणि कारण वेगळे होते. दिल्लीतल्या घियासुद्दीन तुघलकाच्या मकबऱ्याच्या भिंती चांगल्याच आत कललेल्या आहेत. आपल्या विदर्भातल्या जुन्या मातीच्या घरांच्या भिंतीही पायथ्याशी रुंद आणि वर निमुळत्या असत, कारण वजन आणि पाणी दोन्ही खाली येते. बाहेर झुकणारी भिंत या बाबतीत उलटी वागते: तिचा माथा कुणीतरी आतून ओढून धरावा लागतो. तो कोण धरणार, स्लॅब की तिला काटकोनात जोडलेल्या भिंती, हा प्रश्न तिने विचारला आहे का, ते मला पत्रातून कळत नाही, कारण पत्र तुमचे आहे.

अभ्यासक्रम बदलण्याविषयी थोडक्यात. अभियांत्रिकीसाठी जेईई किंवा एमएचटी-सीईटी पुन्हा देऊन पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागेल, आणि हे तिने स्वतः मागितल्याचा एकही शब्द पत्रात नसल्याने मी यावर अधिक बोलणार नाही.

क्लासविषयी स्पष्ट सांगतो: लावू नका. तीन महिन्यांच्या अशा क्लासमधून मॉडेल तयार करणारे कुशल सहायक घडतात, त्यांना कार्यालयांत कामही मिळते, आणि त्या कामात कमीपणा काहीही नाही. पण १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टनुसार स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घ्यायचे तर मान्यताप्राप्त पदवी आणि कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी लागते, आणि तुमची मुलगी त्या पाच वर्षांच्या वाटेवर आधीच आहे. शिवाय त्या क्लासच्या शुल्कात 'सॉफ्टवेअरसह' असे लिहिल्याचे तुम्ही सांगता. रेव्हिट बनवणारी कंपनी विद्यार्थ्यांना ते शिक्षणासाठी विनामूल्य देते आणि दर वर्षी पात्रता दाखवून मुदत वाढवता येते. फुकट मिळणाऱ्या वस्तूचे पैसे मोजायचे असतील तर ते तुमच्या मर्जीवर आहे.

हे पत्र तिलाही वाचायला द्या, पुढचे तिच्यासाठी आहे. ताई, प्रयोगशाळेत कोणती आवृत्ती आहे ते उद्याच विचारून घ्या आणि काम त्याच आवृत्तीत करा. ती २०२१ च्या आधीची असेल तर घनाकार रचून त्याच्या पृष्ठभागावर भिंत चढवण्याची जुनी वाट शिका. घरी नव्या आवृत्तीत केलेले काम जुन्यात नेण्याच्या भानगडीत पडू नका, वेळ वाया जाईल. सुरुवातीला एकच भिंत घ्या, तिच्यात एकच खिडकी बसवा, आणि आराखडा व उभा छेद शेजारी ठेवून दोन्ही का जुळत नाहीत हे कागदावर आकड्यांनी लिहून काढा. एखाद्या रविवारी अंबाझरी तलावाच्या बांधावर जा आणि दोरीला दगड बांधून, पट्टीने त्या बांधाचा उतार मोजून पाहा. कोन पडद्यावर वाचणे आणि पायाखाली अनुभवणे यातला फरक तुम्हाला तिथे लगेच लक्षात येईल. झुकलेला माथा कोण धरतो, या प्रश्नाचे उत्तर पुढच्या सादरीकरणाआधी तुमच्या संरचना शिकवणाऱ्या शिक्षकांकडून तपासून घ्या. गुण कापले गेल्याबद्दल फाइलच्या आवृत्तीचे कारण लेखी देऊन फेरसादरीकरणाची विनंतीही करा. ती मान्य होईलच असे नाही, तरी ती करण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

आणि दादा, तिच्या खुर्चीमागची तुमची खुर्ची काढून घ्या. पुठ्ठ्याचे मॉडेल तिला पुन्हा करावे लागणार आहे. त्यासाठी लागणारा जाड माउंटबोर्ड आणि कटरची पाती सीताबर्डीत मिळतात, ती तुम्ही स्वतः जाऊन आणून द्या, आणि मॉडेल पूर्ण होईपर्यंत बैठकीतल्या कपाटावर त्याच्यापुरती जागा रिकामी करून ठेवा.