आधी चालून ये

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मॅडमवरचा लेख तुझ्या गळ्यात पडला आहे. व्यवस्थापनाला त्यात आकडे हवेत, घरच्यांना डोंगरावरचे फोटो हवेत. आणि तू विचारतेस, ‘नक्की कोणत्या मॅडमवर लिहू? रुग्णालयाच्या प्रशासक, की रविवार उजाडला की सॅक पाठीला मारून निघणाऱ्या?’ त्याच्या खालची ओळ मला जास्त खटकली. ‘चार दिवस जुने अहवाल चाळतेय, पण माणूस हाती लागत नाही.’

कसा लागेल? त्यातले निम्मे अहवाल मी लिहिलेत.

चार दिवस! अगं, मॅडमवर लिहायचंय आणि तू चार दिवस खुर्चीत? त्यांनी हे पाहिलं असतं तर काय म्हणाल्या असत्या ते तुलाही ठाऊक आहे. ‘आधी चालून ये, मग बोलू.’ तू त्यांच्या हाताखाली दीड वर्ष होतीस, मी एकोणीस. ते वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की पुढे पुढे त्यांनी तोंड उघडायच्या आत उठायला लागलो. पण आत कुठे मुरायला मला फार वर्षं लागली. म्हणून हे पत्र लांबणार आहे.

रुजू होऊन आठवडा झाला होता. खाटांच्या टंचाईवर मी नऊ पानी टिपण केलं होतं, तक्त्यांसकट. मॅडमनी ते उघडलंसुद्धा नाही. ‘आज राउंडला पहिला डिस्चार्ज ज्याला मिळेल, त्याच्या फाइलीबरोबर चाला. ती थांबली की थांबायचं, हलली की हलायचं. मध्ये बसायचं नाही.’ सव्वानऊला डॉक्टर त्या गृहस्थांना ‘आज घरी’ म्हणाले. समरी लिहिणारा निवासी डॉक्टर थिएटरमध्ये अडकलेला, म्हणून फाइल नर्सिंग स्टेशनच्या काउंटरवर, थर्मामीटरच्या डब्याखाली, पावणेबारापर्यंत. मग उरलेली औषधं फार्मसीला परत करायची, तर मावशी दुसऱ्या पेशंटला घेऊन सोनोग्राफीला गेलेल्या. मग बिलिंग. तिथे कळलं की एका एक्स-रेची नोंदच चढलेली नाही, की फाइल उलटी तळमजल्यावर. मग विम्याची मंजुरी. एवढा वेळ ते गृहस्थ चपला घालून, पिशवी मांडीवर घेऊन खाटेच्या कडेला बसलेले. चार वाजून दहा मिनिटांनी उठले. गादी पुसून चादर बदलेपर्यंत पाच. आणि खाली इमर्जन्सीत एक बाई सकाळपासून स्ट्रेचरवर, याच खाटेची वाट बघत.

संध्याकाळी माझे पाय भरून आले होते. मॅडमनी माझंच टिपण पालथं घालून मागे पेन्सिलीने गणित मांडलं. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम आहे, तुमच्या अभ्यासक्रमातही असेल. रोज येणारी माणसं गुणिले सरासरी मुक्काम, म्हणजे एका वेळी आत असलेली माणसं. रोज चाळीस भरती, पाच दिवस मुक्काम, दोनशे खाटा. प्रत्येकाचं निघणं सहा तास लांबलं तर पाव दिवस गुणिले चाळीस. ‘दहा खाटा. तुम्ही नवी विंग मागताय ना? ती त्या थर्मामीटरच्या डब्याखाली आहे.’

हे टिपणात का नव्हतं? कारण टिपण मी रजिस्टरवरून केलं होतं, आणि रजिस्टरात डिस्चार्जची वेळ सव्वानऊच लिहिलेली होती. खोटं कुणीच लिहिलं नव्हतं.

आता डोंगर. मला फार सांगता येणार नाही, कारण मी त्यांच्याबरोबर एकदाच गेलो. निघताना त्यांनी नाइस्मिथचा ठोकताळा शिकवला. विल्यम नाइस्मिथ हे स्कॉटलंडचे गिर्यारोहक, हिशोब १८९२ चा. सपाटीला ताशी पाच किलोमीटर, आणि दर सहाशे मीटर चढाईला एक तास वर. माझ्या गणिताने आम्ही साडेअकराला माथ्यावर पोचायला हवे होतो. पोचलो दीडला. मी हिरमुसलो, मॅडम खूश. ‘हा हिशोब धडधाकट गड्याचा आहे. चिखल, ओझं, धाप, काही धरलेलं नाही. नकाशा खोटं बोलत नाही हो, तो अर्धंच बोलतो.’ आणि बुटाची नाडी सोडून, पाय हवेला मोकळे करून त्या वहीत आमच्या खऱ्या वेळा टिपत बसल्या.

पुढचा सोमवार ऐक. इमर्जन्सीपासून ऑपरेशन थिएटर प्लॅनवर एकशेचाळीस मीटर, दोन मिनिटांचं काम. मॅडमनी मला ट्रॉलीवर आडवं पाडलं, वॉर्डबॉयला एका बाजूला घेतलं आणि दुसऱ्या बाजूने स्वतः ढकलत निघाल्या. अकरा मिनिटं लागली. लिफ्टला चार. एका दाराशी जमिनीवरची धातूची पट्टी वर आलेली, तिथे चाक अडकून माझं डोकं कठड्यावर आपटलं. शेवटचं दार आपल्या दिशेने उघडणारं, म्हणजे आधी ट्रॉली मागे घ्यायची, मग दार, मग पुन्हा पुढे. पाठीवर पडून छताच्या नळ्या सरकताना बघणाऱ्या माणसाला ही अकरा मिनिटं केवढी होतात, ते मला त्या दिवशी कळलं. महिन्याभरात पट्टी गेली, दार फिरलं, आणि एक लिफ्ट फक्त ट्रॉल्यांसाठी राहिली. अहवालात हे ‘पायाभूत सुविधांत सुधारणा’ म्हणून आलं. माझेच शब्द.

तेव्हा ‘कोणत्या मॅडम’ हा प्रश्न सोड. त्यांची वही माझ्याकडे आहे. तारखेवारी आहे, विषयवार नाही. रविवारी ओढ्याला गुडघाभर पाणी, सोमवारी मेडिकल वॉर्डच्या बाथरूमचा निचरा तुंबलेला. दोन्हींचं अक्षर एक आणि लेखणीही एकच, पेन्सिल. शाई पावसात पसरते म्हणून. ऑडिटवाल्यांनी पेन्सिलीच्या नोंदींवर हरकत घेतली होती, तेव्हा मला बसून सगळ्या शाईने उतरवून काढाव्या लागल्या होत्या. चिडलो होतो. अजूनही वाटतं, एवढं तरी त्यांनी ऐकायला हरकत नव्हती. त्या काही सोप्या नव्हत्या, हेही लिही. ई-मेलला उत्तर देत नसत. बूट वाजले की सिस्टर लोक चादरी ताणायला लागतात हे लक्षात आल्यावर त्यांनी रबरी तळव्याच्या चपला घेतल्या. मग तर कुणालाच स्वस्थता नाही.

आता जे कुणाला सांगितलेलं नाही ते. आगीच्या वेळी बाहेर पडायचे मार्ग दर तिमाहीला तपासायचे असत, काम माझं. एका तिमाहीला मी चारही मजल्यांच्या तक्त्यावर ‘मार्ग मोकळा’ लिहून सही ठोकली. टेबलावर बसून. दोन माणसं रजेवर होती, तपासणीची टीम दारात होती, आणि मागची सहा वर्षं मार्ग मोकळेच निघाले होते. यातलं एकही कारण खोटं नाही. तीन दिवसांनी मॅडमनी न सांगता सराव घेतला. तिसऱ्या मजल्याच्या दारामागे मोडक्या खाटा रचलेल्या, आणि दाराला बाहेरून साखळी. चोऱ्या होतात म्हणून कुणीतरी लावलेली. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बाही वर केली आणि खाटेचं एक टोक धरलं. दुसरं मला धरावं लागलं. चौदा खाटा आम्ही दोघांनी तीन मजले खाली नेल्या. त्या रात्री आग लागली नव्हती, एवढंच माझं नशीब. तुला वाटत असेल, हा म्हातारा चालण्याचं एवढं काय घेऊन बसलाय. ती साखळी मी हातात धरून पाहिली आहे, म्हणून.

आणि हो, ‘आमच्या नाइटिंगेल’ हे शीर्षक कृपा करून नको. दिव्याची गोष्ट सगळे सांगतात. क्रिमियन युद्ध चालू असताना, नोव्हेंबर १८५४ मध्ये, फ्लॉरेन्स नाइटिंगेल इस्तंबूलसमोरच्या स्कुटारीला, बराकीतल्या लष्करी रुग्णालयात पोचल्या, रात्री दिवा घेऊन फिरल्या, खरं आहे. पण त्या हिवाळ्यात माणसं मरतच राहिली. मार्च १८५५ मध्ये सरकारने पाठवलेलं स्वच्छता आयोगाचं पथक आलं, त्यांनी इमारतीखालची तुंबलेली गटारं धुऊन काढली, हवा खेळती केली, आणि मृत्यू झपाट्याने उतरले. नाइटिंगेलना याचं वजन खऱ्या अर्थाने कळलं ते युद्धानंतर, संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्याबरोबर आकडे मांडताना. तू चलाख आहेस, लगेच म्हणशील, मग कागदच जिंकला की! मीही मॅडमना हेच ऐकवलं होतं, मोठ्या आनंदाने. त्या म्हणाल्या, ‘गटार कागदाने उपसलं का? कुणीतरी खाली उतरलंच ना? वर फिरून भागत नाही, एवढाच याचा अर्थ.’ दुसऱ्या दिवशी टॉर्च घेऊन आम्ही तळघरात. यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

खिडक्यांचं मात्र त्यांनी कागदावरून घेतलं. रॉजर उलरिख यांचा १९८४ चा अभ्यास, पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा. काहींच्या खिडकीतून झाडं दिसत होती, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. अशा तेवीस जोड्या तपासल्या, तर झाडंवाले सरासरीने लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. ‘तेवीसच जोड्या आहेत, नाचायचं कारण नाही,’ असं म्हणून त्यांनी सर्जिकल वॉर्डातल्या खाटा खिडकीच्या बाजूला वळवल्या. वळवण्याआधी प्रत्येक खाटेवर स्वतः आडव्या होऊन पाहिलं. चौथ्या खाटेवरून फक्त पाण्याची टाकी दिसते, अशी नोंद आहे वहीत.

निवृत्तीनंतर त्यांनी मला सहा वेळा डोंगरावर बोलावलं. मी मोजले आहेत. दरवेळी माझ्याकडे कारण होतं, आणि दरवेळी ते खरं होतं. सहाव्यानंतर बोलावणं आलं नाही.

शेवटी त्या आपल्याकडेच दाखल होत्या, ते तू पाहिलंसच. मी भेटायला गेलो तेव्हा घंटा दाबल्यापासून सिस्टर येईपर्यंतच्या वेळा त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला लिहून ठेवल्या होत्या. दिवसा तीन मिनिटं, रात्री नऊ. मग विचारलं, ‘दुसऱ्या मजल्याच्या जिन्यातला दिवा लागला का हो?’ मी लिफ्टने आलो होतो. ‘लागलाय,’ म्हणालो. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि खिडकीकडे मान वळवली.

उतरताना जिन्याने गेलो. दिवा बंद होता. इलेक्ट्रिशियनला शोधून काढलं, समोर उभं राहून बदलून घेतला, आणि सांगायला पुन्हा वर गेलो, या खेपेला पायी. त्या झोपल्या होत्या. उठवलं नाही.

तर आता तुझं काम. लेखाची मुदत मी दहा दिवस वाढवून घेतली आहे. अहवाल कपाटात ठेव. उद्या राउंडला जी पहिली डिस्चार्जची फाइल निघेल तिच्याबरोबर चाल, आणि बसू नकोस. मग रात्री एकदा, तेव्हा घंटा मोज. रविवारी त्यांच्या त्या डोंगराला जाऊ, मीही येतो. पहाटे पाचला तयार राहा. नाइस्मिथच्या हिशोबाला माझ्या गुडघ्यांसाठी दोनाने गुण.

वही सोबत पाठवतोय. वाचून परत हवी. कण्यात पेन्सिलीचा एक तुकडा खोचलेला आहे, त्याला टोक करू नकोस.

तुझा,
जुना सहकारी