तो मेला, तू सुटलीस

प्रश्न : आक्का, मी खानापूर तालुक्यातली, नंदगडच्या बाजूची. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एक कादंबरी लिहिते आहे. राज्य काल्पनिक, डोंगरावरचा गड, आणि त्याची राखण फक्त मुली करतात. नायिका त्यांची नाईक. वेढा घालणाऱ्या सैन्यातल्या एका तरुणावर तिचा जीव जडतो. शेवटी ती कर्तव्य निवडते आणि तो मरतो. मैत्रीण म्हणते, लढणाऱ्या बाईला प्रेमात पाडलंस की ती लेचीपेची होते. भाऊ म्हणतो, प्रेम नसेल तर वाचणार कोण? आणि आमच्या घरी मराठी-कानडी मिसळून बोलतात, नायिका तशी बोलली तर चालेल का? पाच प्रकरणं सोबत जोडली आहेत.

उत्तर : पाचही प्रकरणं एका बैठकीत वाचली. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, वरणाचा लगदा झाला. तेव्हा लिहीत राहा, हे पहिलं. आता तक्रारी.

'कर्तव्य' हा शब्द मी पेन्सिलीनं खुणा करत मोजला. अकरा वेळा आलाय. पण गडावर आहे कोण? कुणाची म्हातारी आई, कुणाचं रांगतं पोर, किती दिवसांचं धान्य? एकाचाही पत्ता नाही. रिकाम्या गडासाठी कोण मरतं गं? तू तर नंदगडची. कित्तूरच्या राणी चन्नम्माचा शिलेदार संगोळ्ळी रायण्णा, त्याला इंग्रजांनी 1831 साली तुमच्याच गावात फाशी दिली. राणी तोवर बैलहोंगलला इंग्रजांच्या कैदेत वारली होती, तरी तो लढतच राहिला होता. त्याचं कर्तव्य असं हवेत नव्हतं, त्याला माणसाचं नाव होतं.

आणि चन्नम्माचं बघ. काकतीची लेक ती, बेळगावपासून हाकेच्या अंतरावरची. 1824च्या ऑक्टोबरात कित्तूरसमोर इंग्रजांचा कलेक्टर थॅकरे पडला आणि दोन इंग्रज अधिकारी तिच्या हाती लागले. लढाई थांबवू, या शब्दावर तिनं त्यांना सोडलं. शब्द पाळला गेला नाही. आणखी मोठी फौज आली, डिसेंबरात कित्तूर पडलं. शाळेत शिकवताना मी थॅकरेच्या मरणावर तास रंगवायची. हल्ली मला त्या दोन कैद्यांना सोडण्याची रात्रच दिसते. दरवाजा उघडायला सांगताना तिच्या मनात काय असेल? तुझी कादंबरी त्या दरवाजात आहे, मरणात नाही.

कारण तुझ्या त्या तरुणाला मारून तू सुटलीस, नायिका सुटली नाही. तो जिवंत राहू दे. त्यालाही घर दे, सेनापती दे, पाळायचा हुकूम दे. आत्ता त्याच्याकडे डोळ्यांशिवाय काही नाही. घारे आहेत, कळलं, चार वेळा कळलं. त्यानं तिला एक शब्द द्यावा आणि तो खरा धरायचा की नाही, हे तिनं गडावरच्या सगळ्यांच्या जिवावर ठरवावं. मग प्रेम एकीकडे, कर्तव्य दुसरीकडे अशी तागडी धरावीच लागणार नाही.

शत्रूबद्दल काय काय वाटू शकतं, याला आपल्याच भागात दाखला आहे. बेळवडीची मल्लम्मा. मराठीत आपण तिला सावित्रीबाई देसाई म्हणतो. 1678 साली कर्नाटकाच्या स्वारीवरून परतताना शिवाजी महाराजांच्या सैन्यानं तिच्या गढीला वेढा घातला आणि ती सत्तावीस दिवस झुंजली, असं सांगतात. पुढे तिनं महाराजांचं शिल्प कोरून घेतलं. धारवाडजवळ यादवाडला, मारुतीच्या देवळापाशी ते आजही बघायला मिळतं. ज्याच्याशी लढली, त्यालाच दगडात कोरलं! आमच्या गल्लीत ही गोष्ट मराठी घरात एक सांगतात, कानडी घरात दुसरी. मी दोन्हीकडे चहा पिते आणि दोन्ही ऐकते. तूही ऐक. यादवाडला एकदा जाऊन ये.

मैत्रिणीला एवढंच सांग. 2019च्या ऑगस्टात लष्करी पोलिसांसाठी मुलींची भरती बेळगावात झाली, तेव्हा बसस्टँडवर एक पोरगी माझ्या शेजारी बसली होती. पायात चिखलानं भरलेले बूट, मांडीवर कागदांची फाईल, आणि फोनवर कुणाशी तरी अर्धा तास हळू आवाजात हसत होती. मला ती लेचीपेची दिसली नाही.

बारीकसारीक : तुझ्या मुली पट्टा, म्हणजे ती लांब पात्याची तलवार, मनगटानं फिरवतात. पट्ट्यात हात कोपरापर्यंत लोखंडी खोळीत असतो, मनगट वळतच नाही. सगळा फिरवा कोपर-खांद्यातून आणि पायांतून येतो. कुठल्याही आखाड्यात तासभर उभी राहा, कळेल. घोडी रात्रभर चौखूर धावत नाही, मध्ये पाणी-चारा लागतो. आणि वेढा तू आषाढात घातलास! आषाढातलं खानापूर तुला मी सांगू? तोफा-बंदुकांची दारू भिजते, वाटा वाहून जातात. फौजा पावसाळ्यात घरी बसायच्या आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायच्या. 1660च्या पावसात सिद्दी जौहर पन्हाळ्याखाली चिकटून राहिला, ते आजवर सांगितलं जातं, कारण ते जगावेगळं होतं. ठेवायचाच तर ठेव आषाढ, पण मग पाऊसही लढू दे. चार महिने न वाळलेली लुगडी, बुरशी धरलेलं पीठ, ओली सरपणं. त्यातला चिडचिडा वास अजून तुझ्या पानांना नाही.

भाषेचं विचारलंस. तुझी आज्जी ओट्यावरून "काय करूल्यास गे?" अशी हाक मारत असेल, आणि तुझी नाईक मात्र "हे वीरांगनांनो, सज्ज व्हा" म्हणते. खिडकीतून फेकून द्यावंसं वाटलं ते पान. मिसळून बोलू दे खुशाल. मला तू ज्या शब्दानं हाक मारतेस, तो आक्काच मुळात कानडीतून आलाय.

सहावं प्रकरण पाठवू नकोस. पहिलंच पुन्हा लिहून पाठव.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. तलवारी घेतलेल्या राजकन्यांच्या जाड जाड कादंबऱ्या रात्री पांघरुणात बॅटरी लावून वाचते. त्यात प्रेमबीमही असतं म्हणे. पुस्तकं काढून घ्यावीत का? (एक वडील, बेळगाव)

उत्तर : 'असतं म्हणे' म्हणजे तुम्ही वाचलेलं नाही. ती झोपली की एक उचला आणि वाचा. बॅटरी तिचीच घ्या.