पाच वर्षांचे साठ टक्के म्हणजे काय?

डॉक्टर म्हणतात, "पाच वर्षांचे साठ टक्के." घरच्यांच्या कानात राहतात ती फक्त पाच वर्षं. बेळगावात समुपदेशन करताना मूत्राशयाच्या कॅन्सरच्या कितीतरी घरांतून ही धास्ती माझ्यापर्यंत येते.

निपाणीकडचा एक मुलगा असाच आला. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वडील पासष्टीचे, उभा जन्म तंबाखूच्या वखारीत गेलेला, विडीही तितकीच जुनी. लघवीतून रक्त गेलं. दुखत नव्हतं, म्हणून उष्णता समजून दोन महिने ताक-सब्जावर काढले. मग दुर्बिणीतून गाठ खरवडली, तर ती मूत्राशयाच्या स्नायूत शिरलेली निघाली. आधी केमो, मग मूत्राशय काढून पोटावर लघवीची पिशवी, असं सर्जनांनी सांगितलं.

"पाचच वर्षं म्हणालेत की हो मॅडम. मग कशाला कापाकापी? पाहुणेबी तेच म्हणालेत. आबांना मात्र काय सांगू नका."

मी कागदावर शंभर टिंबं काढली. आबांसारखाच आजार असलेली शंभर माणसं. त्यातली साठ पाच वर्षं झाली तेव्हा हयात होती, आणि त्यातली कित्येक पुढेही जगतात. पाच वर्षांवर फक्त मोजणी होते. सर्जन वापरतात ते नोमोग्राम, म्हणजे अंदाजाचे तक्तेही वय, गाठीची खोली, लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) अशा गोष्टी मांडून असाच अंदाज काढतात. एकट्या आबांचं काय होणार, हे त्यातून कळत नाही.

२००१ साली सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातून १०५४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मूत्राशय काढल्यावर पाच वर्षांनी ६८ टक्के लोकांचा आजार उलटलेला नव्हता, दहा वर्षांनी ६६. फरक दोनचाच, कारण उलटायचा तो आजार बहुधा पहिल्या तीन वर्षांत उलटतो. लसिकाग्रंथींत आजार पोचला असेल तर मात्र पाच वर्षांचा आकडा ३५ वर येतो. तेही मी मुलाला सांगितलं. शिवाय निर्णयाला तीन महिन्यांहून जास्त उशीर झाला, तर हाताशी असलेली संधीही कमी होते.

आबांपासून लपवायचं, हे मला अजिबात मान्य नव्हतं. पिशवी त्यांच्या पोटावर येणार, आणि त्यांनाच विचारायचं नाही?

पुढच्या वेळी आबा आले. टक्क्यांबद्दल अवाक्षर नाही. म्हणाले, "भजनात शेजारी बसलेल्याला वास येईल काय?" नीट बसलेल्या पिशवीला वास येत नाही, दर काही तासांनी ती रिकामी करायची, काही दिवसांनी बदलायची, रात्री नळी लावून मोठ्या पिशवीला जोडायची. पण माझ्या सांगण्यापेक्षा, पिशवी लावून रोज शेतात जाणारे एक गृहस्थ भेटले त्याचा उपयोग जास्त झाला. दोघे बराच वेळ बोलले. मी बाहेर थांबले.

विडीचंही बोलले. तंबाखूच्या धुरातली विषं रक्तातून मूत्रपिंडांत आणि तिथून लघवीत उतरतात, मूत्राशयात तासन्‌तास साठून राहतात. ज्या भागात कितीक चुली तंबाखूवर पेटतात तिथे हे बोलणं जड जातं, तरी बोलावंच लागतं.

केमो संपली, ऑपरेशन झालं, ग्रंथींत आजार सापडला नाही. मुलाचा फोन आला, "आता किती टक्के, मॅडम?" त्याला म्हटलं, नवा पॅथॉलॉजी रिपोर्ट घेऊन सर्जनांना पुन्हा विचार, आधीचा आकडा ऑपरेशनपूर्वीच्या अंदाजावर होता, तो आता बदलणार. आणि ही पहिली तीन वर्षं स्कॅनची एकही तारीख चुकवू नको.