आधी मटण, मग पनीर

तुम्ही विचारलंय की लहानपणापासून मासे-मटण खात आलेल्या मुंबईकराने पर्यावरणासाठी मांसाहार सोडला तर खरंच काही फरक पडतो का, आणि सोडायचं तर सगळंच सोडावं लागतं का.

फरक पडतो. सगळं सोडायची मात्र गरज नाही. मी स्वतः घरात मटण जवळजवळ बंद केलंय, मासे चालू आहेत आणि पनीरवर नजर ठेवून आहे. का, ते सांगतो.

बोकड, मेंढी, गाय, म्हैस ही रवंथ करणारी जनावरं. त्यांच्या पोटात चारा आंबताना मिथेन तयार होतो आणि ढेकरांवाटे हवेत जातो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा साधारण २८ पट तापवतो. कोंबडी आणि मासे या भानगडीत नाहीत. २०१८ साली पूर आणि नेमेचेक या दोघा संशोधकांनी ११९ देशांतल्या हजारो शेतांची आकडेवारी एकत्र करून हिशेब मांडला होता. १०० ग्रॅम प्रथिनं मिळवायला मांसासाठी पाळलेल्या गुरांमागे सरासरी ५० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन, मेंढी-बोकडामागे २०, चीजमागे ११, कोंबडीमागे सहाच्या आत आणि कडधान्यांमागे १ किलोपेक्षाही कमी.

यातला बीफचा आकडा सगळीकडे फिरतो, पण तो आपल्या ताटाला फारसा लागू नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल-वळूंचीही कत्तल बंद आहे. आणि एकूणच भारतीय माणूस अमेरिकनाच्या मानाने मांस खातो ते चिमूटभर. आपल्याकडच्या जनावरांचा मिथेन मुख्यतः दुधासाठी पाळलेल्या गाई-म्हशींचा. २०१९ च्या पशुगणनेत गाई-म्हशी मिळून ३० कोटींच्या वर होत्या.

म्हणून म्हणतो, चीजचा आकडा परत वाचा. मांसाहार सोडलेले माझे निम्मे मित्र आता हॉटेलात डोळे झाकून पनीर मागवतात. चीजसारखंच पनीरही दुधाचंच, १ किलोला पाच-सहा लिटर दूध लागतं. चिकन सोडून पनीर टिक्का खाल्ला तर पर्यावरणाच्या खात्यात जमा शून्य, उलट थोडी उधारीच.

त्या जागी कडधान्य आणा. आमच्या घरी रविवारी मटणाऐवजी वालाचं बिरडं होतं. कडवे वाल भिजवून, मोड आणून, कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचे. पेपर वाचता वाचता सगळ्यांनी मिळून सोलले तर तेवढा वेळ जाणवत नाही. वर नारळाचं दूध, आमसूल, गुळाचा खडा. रायगडात हे वाल भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर येतात, वेगळं पाणी द्यावं लागत नाही. शिवाय मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला नत्र मिळतं ते वेगळंच.

माशांचं गणित मिथेनचं नाही, डिझेलचं आणि जाळ्याचं आहे. ट्रॉलर तासन्‌तास जाळं तळाशी ओढत फिरतो, इंधन जाळतो आणि नको ते जीवही उपसतो. आपला बोंबील बहुतेक डोल जाळ्यात येतो. ते एका जागी बांधलेलं असतं, भरती-ओहोटीचा प्रवाहच मासळी आत ढकलतो, इंजिन लागतं ते जाण्या-येण्यापुरतं. पुढे वर्सोव्याला, उत्तनला तो बांबूच्या वलांड्यांवर उन्हात सुकतो, म्हणजे बर्फ नको की फ्रीज नको. पण डोलीतही पापलेटची पिल्लं सापडतात, तेव्हा डोलही अगदी निर्दोष नाही. तळहातापेक्षा लहान पापलेट मी घेत नाही. कोळीण मावशी म्हणतात, "घे रे, कवळं हाय, गोड लागतंय." गोड लागतं हे खरंच, पण त्याने अजून एकदाही अंडी घातलेली नसतात. त्यापेक्षा बांगडा, तारली, मांदेली घ्या. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत ताज्या मासळीचा हट्ट सोडून सुकट-बोंबलावर भागवा.

एक विनंती. हे आकडे घेऊन सोसायटीच्या ग्रुपवर जाऊ नका. या शहरात मासे खाणाऱ्याला घर नाकारायला लोकांना कारणं कमी पडत नाहीत, त्यात पर्यावरणाची भर नको. रोज अर्धा लिटर दूध आणि आठवड्याला दोनदा पनीर खाणाऱ्याने बांगड्याच्या वासावर बोलू नये, एवढं मात्र त्यांना सांगू शकता.

सुरुवात करायला तुम्हाला फार काही करावं लागणार नाही. घरात सोमवार, गुरुवार, शनिवार पाळत असतील, श्रावणही असेलच. ते तसंच राहू द्या आणि फक्त रविवारचं मटण महिन्यातल्या एकाच रविवारवर आणा. घरचे कुरकुरतील, पण मटणाचा सध्याचा भाव त्यांनाही माहीत आहे.