एमबीबीएसला बीएलएस (जीव वाचवण्याचे प्राथमिक उपाय) शिकवतात, पण वेळ आली तर सीपीआर (छाती दाबणं आणि श्वास देणं) खरंच देता येतो का?

"एमबीबीएसच्या सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्सला एकदा सरावाच्या पुतळ्यावर हात मारून पाहिला, आता दुसरं वर्ष चालू आहे. धुळ्याच्या स्टँडवर कोणी कोसळलं तर जमेल का?" असं तुम्ही विचारलंय.

आकडे तुम्हाला पाठ असतीलच: मिनिटाला 100 ते 120 दाब, खोली 5 ते 6 सेंमी, 30 दाबांमागे 2 श्वास. परीक्षेतल्या एमसीक्यूत (बहुपर्यायी प्रश्नांत) इथे फारसं कोणी चुकत नाही. चूक होते ती ओळखण्यात आणि हातात.

हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं माणूस तोंड वासून अधूनमधून आचके देऊ शकतो, घशात घरघर होते. "श्वास चालू आहे" म्हणत लोक कांदा हुंगवतात, तोंडात पाणी ओततात. आणि एप्रन घातलेलेही थबकतात. हाकेला ओ नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढं पुरे. 108 लावून फोन स्पीकरवर टाका. मानेतली कॅरोटिड नाडी 10 सेकंदांपेक्षा जास्त चाचपू नका. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्याच बोटातले ठोके लागतात. शंका असेल तर दाबायला लागा.

मे महिन्यात आपल्याकडे जो पडेल त्याला "ऊन लागलं" म्हणतात. उष्माघातात माणूस बरळतो, झटके येतात, पण श्वास भराभर चालू असतो; त्याला गार करायचं असतं. श्वास न बघता नुसतं पाणी मारत बसलात तर हा फरक कळणारच नाही.

आता हात. घरात माणूस बहुतेक वेळा बाजेवर असतो. बाजेवर दाब दिला की सुतळी खाली जाते, छाती तेवढी दबत नाही, आणि तुम्हाला वाटतं भरपूर दाबलं. आधी जमिनीवर घ्या. वॉर्डात मऊ गादी असेल तर पाठीखाली फळी, आणि तुमची उंची कमी असेल तर पायाखाली स्टूल. कोपरं सरळ, खांदे तळव्याच्या बरोबर वर, वजन कमरेतून. दुसरी चूक म्हणजे दाबून झाल्यावर छातीवर रेलणं. छाती पूर्ण वर आली नाही तर हृदयात रक्त भरत नाही, मग पुढचा दाब पोकळ. बरगडीचा कट्‌ आवाज आला तर हाताची जागा तपासा, पण थांबू नका. आणि दर 2 मिनिटांनी माणूस बदला, "मी दमलो नाही" म्हणत असला तरी. खोली त्याच्या नकळत आधीच घटलेली असते.

अंबू बॅग (मास्क लावून हाताने पिळत श्वास द्यायची पिशवी) पूर्ण पिळायची नसते. मोठ्यांच्या बॅगेत साधारण दीड लिटर हवा मावते, लागते 500 ते 600 मिली. एका सेकंदात, छाती उचललेली दिसेल इतकीच. जास्त दिली की पोट फुगतं, उलटी फुफ्फुसात जाते.

शेतातल्या मोटारीचा शॉक असेल तर मेन स्विच पाडल्याशिवाय अंगाला हात नाही. कपाशीवरचं औषध प्यालेला असेल तर तोंडाने श्वास देऊ नका, हातमोजे घाला, भिजलेले कपडे काढा. तापीतून काढलेल्याला मात्र श्वासानेच सुरुवात. पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. तिथे नुसत्या दाबांनी भागत नाही, कारण मुळात ऑक्सिजनच संपलेला असतो.

एकदाच केलेलं हे कौशल्य 3 ते 6 महिन्यांत ओसरू लागतं, सर्टिफिकेटची मुदत काहीही असो. स्किल लॅबची किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांना गाठा आणि दर तीन महिन्यांनी दहा मिनिटं मागून घ्या. मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टिकटिक करणारं साधन) मिनिटाला 110 वर लावून सलग 2 मिनिटं दाबा, मित्राला मोबाईलवर बाजूने शूट करायला सांगा. 30 दाबांना 15 ते 18 सेकंद लागायला हवेत. व्हिडिओत कोपरं वाकलेली दिसतात का, आणि 2 श्वासांसाठी हात 10 सेकंदांपेक्षा जास्त रिकामे राहतात का, तेवढं बघा. सराव जिवंत मित्राच्या छातीवर करू नका, गंमत म्हणूनही नाही.